सगळ्यांना दिसेल असं

अमेरिकेत बॉथेलला आमच्या शेजारी एक जर्मन बाई राहायची. बायोटेक कंपनीत नोकरीला, बोलायला मोजकी. माझ्या लेकीच्या आठव्या वाढदिवसाला ती आपल्या मुलीला घेऊन आली होती. भारतातून आलेल्या आजीनं केलेल्या औक्षणापासून केकपर्यंतचे सगळे फोटो मी पाहुणे घरी पोचायच्या आत ऑनलाइन टाकले. नागपूरच्या मावशीकडे माझे फोटो उघडायचे नाहीत, म्हणून मी केव्हाच सेटिंग पब्लिक करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दारात. म्हणाली, "माझ्या मुलीचे फोटो काढून टाक. आधी मला विचारायला हवं होतंस."

मला रागच आला. एवढं खाऊपिऊ घातलं आणि वर हे! लहान मुलांच्या फोटोत लपवण्यासारखं काय आहे, असं मी विचारलं.

"लपवायचं काही नाही," ती म्हणाली. "पण कुणाला काय कळावं, ते मी ठरवणार."

तिच्या आईवडिलांनी ऑनलाइन नकाशावर आपलं घर धूसर करून घेतलं होतं. तिच्या आजीवर तर एके काळी पूर्व जर्मनीत सरकारी पाळतीची फाइल होती, आणि त्यातली बरीच माहिती शेजारणीनं पुरवलेली. हे तिनं उंबऱ्यातच सांगितलं. मी तिच्या मुलीचे फोटो काढून टाकले, पण नाक मुरडून. नवऱ्याला म्हटलं, "यार, काय शिष्ट बाई आहे! जसं काही हिच्या पोरीवर सगळं जग टपून बसलंय."

तीनेक आठवड्यांनी लेक स्कूल बसमधून उतरून घरी आली. मी पोळ्या लाटत होते.

"आई, स्टॉपवर एक काका भेटले."

"कुठले गं? मराठी मंडळातले?"

"नो, ही इज नॉट इंडियन. गाडीत होते. मला घरच्या नावानं हाक मारली. दात कुठला पडला विचारलं. आणि आजी कधी परत जाणार ते."

"तू काय सांगितलंस?"

"संडे. ही वॉज नाइस, आई."

ते नाव घराबाहेर कुणी घेत नव्हतं. मी फोन उघडला. पडलेला दात, आजी, केकवरचं ते नाव, दप्तर घेऊन कोपऱ्यावरच्या स्टॉपवर उभी लेक. सगळं मीच लिहिलेलं, हौसेनं. मी पोलिसांना फोन लावला.

पोलीस आले, गाडी सापडली नाही. मी होतं नव्हतं ते सगळं डिलीट केलं. आता रोज स्टॉपवर मी उभी राहते आणि हळू होणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर पाहते.

परवा जेवायला म्हणून लेकीला त्याच घरच्या नावानं हाक मारली. ती खाली आली नाही. वर गेले, तर खोलीचं दार आतून लावलेलं.

"मी आहे गं, आई."

आतून बारीक आवाज आला, "टेल मी समथिंग ओन्ली माय मॉम नोज."

पोलिसांनी तिला तसं विचारायला शिकवलं होतं. मी दाराशी उभी राहून आठवत राहिले. जे जे सुचलं, ते ते मी कधी ना कधी पोस्ट केलेलं होतं.