बूटताईचा नियम

माझी थोरली बहीण चपला-बुटांच्या दुकानात कामाला आहे. अठरा वर्षं झाली, बसक्या स्टुलावर बसून लोकांच्या पायांची मापं घेते. सुट्टीच्या दिवशी मात्र ती आमच्या भागातल्या युवा क्लबाच्या मुलामुलींना घेऊन कधी मैदानावर जाते, कधी टेकडीवर. मुलं तिला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे बूटताई, कारण ती आधी पाय बघते, मग तोंड.

त्यामागे एक जुनं दुखणं आहे. सहा वर्षांपूर्वी गुळगुळीत तळाच्या सँडल घालून आलेली एक मुलगी ओढ्यातल्या दगडावरून घसरली. तीन महिने पाय प्लास्टरमध्ये. तिच्या आईने ताईला चकार शब्द ऐकवला नाही. "चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं," ताई मला म्हणाली होती.

तेव्हापासून क्लबाच्या फळ्यावर तिच्या हातची यादी लागू लागली. टेकडीला जायचं तर नाडीचे, जाड तळाचे बूट, पायघोळ काही नको, अंगावर गरम कपडा. स्टेजच्या कार्यक्रमाला धुतलेले, इस्त्रीचे कपडे. नवेच हवेत असं नाही. आणि खाली ठळक अक्षरात: नसेल तर परत पाठवू. ती खरंच पाठवायची. पोरं रडकुंडीला आली तरी बधायची नाही.

त्या सकाळी बारा मुलं होती, ताई होती आणि मदतीला मी. दारातच तिने एकेकाचे पाय तपासले. आमच्या भागातल्या शिंप्याची लेक पहिल्यांदाच येत होती. तेरा वर्षांची, बोलणं इतकं हळू की सगळे तिला चिमणी म्हणत. तिचे बूट तपकिरी, दणकट, नाडी घोट्याभोवती दोन वेढे देऊन बांधलेली.

"बघा रे, याला म्हणतात तयारी!" ताई म्हणाली. चिमणी मान खाली घालून उभी राहिली. मला वाटलं, लाजली.

अर्धी टेकडी चढल्यावर आम्ही पाणी प्यायला थांबलो. ताईने डोकी मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकराच.

"चिमणी कुठंय?"

"मागे होती," एकजण म्हणाला. "नाडी बांधते म्हणाली, तुम्ही व्हा पुढे म्हणाली."

एव्हाना धुकं उतरायला लागलं होतं. वीस पावलांपलीकडचं झाड दिसेना. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "तू यांच्यापाशी बस, कुणाला हलू देऊ नकोस," एवढंच मला म्हणाली आणि वाट उतरू लागली.

मुलांना धीर देत मी बसले होते. खालून ताईच्या हाका येत होत्या. मग त्या लांब गेल्या. मग थांबल्या. हाका थांबल्या तेव्हा मला जास्त भीती वाटली. अर्ध्या तासाने ताईची शिट्टी ऐकू आली आणि आम्ही एकमेकांचे हात धरून खाली उतरलो.

वाटेच्या कडेला चिमणी दगडावर बसली होती. तिचे अनवाणी पाय ताईच्या मांडीवर. दोन्ही टाचा सोलून निघालेल्या, काढलेले मोजे रक्ताने माखलेले. शेजारी ते बूट, आणि त्यांतून काढलेले वर्तमानपत्राचे बोळे.

"कुणाचे गं हे?"

"दादाचे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही परत पाठवलं असतं."

ताईने आपला रुमाल फाडून टाचा बांधल्या. ती, मी आणि दोन थोराड मुली, आम्ही आळीपाळीने चिमणीला पाठुंगळी घेऊन खाली आणलं.

शिंप्याच्या दारात आम्ही चिमणीला खाली उतरवलं. त्याने मशीन थांबवलं, लेकीचे पाय बघितले, तिला आत नेऊन निजवलं आणि बाहेर आला.

"नियम बरोबर आहे, बाई," तो म्हणाला. "पण तुमचा फळा वाचून आल्यापासून पोरीला घास गोड लागत नव्हता. मला म्हणाली, बूट आहेत. मीही बघितले नाहीत."

"मी बघितले होते," ताई म्हणाली. "तळ बघितला, नाडी बघितली. दोन नंबर मोठा बूट मला दिसला नाही. मापं घेऊन पोट भरते मी!"

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावरची शेवटची ओळ पुसली आणि लिहिलं: नसेल तर गुरुवारी संध्याकाळी येऊन सांगा. ओळखीच्या घरांतून मुलांना लहान झालेले बूट मागून आणले, नवे तळ ठोकून घेतले. पहिल्या गुरुवारी ती क्लबाच्या खोलीत एकटीच बसून आली. "माझ्या धाकाने येत नाहीत," म्हणून आठवडाभर तिचं जेवणात लक्ष नव्हतं. दुसऱ्या गुरुवारी दोघी बहिणी आल्या, एकच जोडी आलटून पालटून वापरणाऱ्या. मग हळूहळू पोरं येऊ लागली. शिंपी लांब पँटी आखूड करून देऊ लागला.

चिमणी दोन महिने फिरकली नाही. ताईने निरोप धाडला नाही. पोरीला पुन्हा दडपण नको, म्हणाली. एका गुरुवारी ती आपणहून आली, दारातच उभी राहिली.

"बस," ताई म्हणाली आणि तिचा पाय हातात घेऊन एक बूट चढवला. अंगठ्यापुढे बोट दाबून बघितलं, टाच बघितली. "चावतो का? खरं सांग."

"थोडा," चिमणी म्हणाली.

ताईने दुसरा जोड काढला.