जर्मनकाकांचे तीन आठवडे

जर्मनकाका कायद्याचा कुठलाही कागद मोठ्याने वाचल्याशिवाय कोणाला सही करू देत नसत. पंचवीस वर्षं जर्मनीत काढून उतारवयात ते इंग्लंडला आले होते आणि ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून येत. कंपनीने जर्मनीत एक छोटी जीएमबीएच, म्हणजे तिथली मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली, तेव्हा जर्मन येतं म्हणून मला तिची संचालक केलं. तिथल्या नोटरीने अख्खा दस्तऐवज वाचून दाखवला. मी खिडकीबाहेर बघत होते. सोबत आलेले काका बाहेर पडल्यावर म्हणाले, "मेधा, नावात मर्यादित आहे ते मालकासाठी. संचालकाने फार विसंबू नये."

कंपन्यांबद्दल ते घरातल्या माणसासारखं बोलत. "रजिस्टरमध्ये नोंद झाली की जन्मली. त्याआधी तिच्या नावाने काही केलंस तर ते तुझ्या अंगावर." ऑफिसातले लोक हसत. काका हसत नसत.

चौथ्या वर्षी जर्मनीतलं एकमेव मोठं गिऱ्हाईक गेलं आणि कंपनीला तिथला खर्च भागवता येईना. त्या सोमवारी काकांनी माझ्या डायरीत एका तारखेभोवती गोल काढला. "फार तर तीन आठवडे. तेवढ्यात मार्ग निघाला नाही, तर कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज तू द्यायचास. नाही दिलास तर गुन्हा तुझा."

आमचा साहेब डेव्हिड म्हणाला, "जस्ट वन मोर वीक. इन्व्हेस्टर येतोय." दुसऱ्या आठवड्यातही तेच म्हणाला. माझं वर्क परमिट याच कंपनीचं होतं आणि मुदतवाढीसाठी पासपोर्ट क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात गेलेला. डेव्हिडला दुखावलं तर नोकरी जाणार, पाठोपाठ देशही. काका मात्र आता रोज येऊ लागले. समोरच्या खुर्चीवर बसून एवढंच विचारत, "आज काही लेखी आलं?" काहीच आलेलं नसे.

अठराव्या दिवशी मी म्हटलं, "काका, मी राजीनामाच देते."

"आता त्याने सुटका नाही," ते म्हणाले. "जर्मनीत मीही संचालक होतो, मेधा, आणि थांबलो. माझा मालकही एकेक आठवडा मागत होता. मला शिक्षा झाली. तुरुंग टळला, पण त्या गावात मान वर करून चालणं संपलं. मी काही हौसेने इंग्लंडला नाही आलो."

दुसऱ्या दिवशी आम्ही मीटिंग रूमचं दार लावून घेतलं. काकांनी अर्ज पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला. काचेपलीकडे डेव्हिड येऊन उभा राहिला, मग दार ठोठावू लागला. काकांचा आवाज चढला नाही, वेगही वाढला नाही. शेवटचं वाक्य झाल्यावर त्यांनी पेन पुढे केलं. मी सही केली. खोलीतल्याच मशीनवरून कोर्टाला फॅक्स गेला, पोचल्याचा कागद बाहेर आला आणि मगच काकांनी दार उघडलं.

माझी नोकरी गेली. त्यांचं कामही त्याच दुपारी बंद झालं. जर्मनीतल्या सहाही कर्मचाऱ्यांना मात्र तीन महिन्यांचा पगार तिथल्या सरकारकडून मिळाला, कारण अर्ज वेळेत गेला होता. मला रेडिंगच्या एका कंपनीने घेतलं आणि नवं परमिट काढून दिलं. काका मुलीकडे लीड्सला गेले.

पुढे कधीतरी कोर्टाचं पत्र आलं. कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढलं होतं. ते सांगायला मी लीड्सला फोन केला. त्यांच्या मुलीने, अंजलीने उचलला.

"बाबा गेले. दोन महिने झाले. हार्टचा ऑपरेशन झाला, पण उशीर झाला होता." ती पुढे म्हणाली, "आधी एक डेट मिळाला होता. तेव्हा म्हणाले, ऑफिसमध्ये तीन वीक्सचं काम आहे, नंतर बघू. तुम्हाला माहीत आहे, काय काम होता?"

मी तिला सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "थँक यू. मला वाटायचं, ते ऑपरेशनला घाबरले होते."