ग्रॅच्युइटी आणि शेवटचा भात

बाबांची ग्रॅच्युइटी वाचवायची म्हणून आम्ही त्यांचा चष्मा काढून घेतला.

हे क्रूर वाटत असेल तर आधी बाबांची ओळख करून घ्या. सव्वीस वर्षं दुबईतल्या जबल अलीच्या एका गोदामात स्टोअरकीपर. एकेक खोका मोजून घेणारा माणूस. पण समोरच्यानं गोड आवाजात "काका" म्हटलं की सही करून मोकळा! शारजातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तीन वॉटर फिल्टर आहेत आणि पाय दाबायचं एक मशीन आहे, ज्यात बाबांचा पाय मावत नाही. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार, ग्रॅच्युइटी मिळणार आणि तिच्यातून नाशिकचा फ्लॅट पुरा होणार. आईला त्या फ्लॅटमधलं ना किचन हवंय ना बाल्कनी. तिला भिंत हवीय. सव्वीस वर्षं भाड्याच्या घरात घरमालकानं एक खिळा मारू दिला नाही. देवांच्या तसबिरीसुद्धा चिकटपट्टीवर. (गणपती दोनदा पडलाय.)

अशात बाबांनी मॉलमध्ये एक कार्ड खरवडलं.

"लागलं की गं!" ते घरी येऊन म्हणाले. "रास अल खैमाला रिसॉर्टमध्ये कसिनो लंच. चौघांना फुकट. अनलिमिटेड."

कार्डाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत अट होती. जेवताना दीड तास हॉलिडे क्लबची माहिती ऐकायची. घरातल्या एकाकडे तरी क्रेडिट कार्ड हवं.

माझं डोकं फिरलं. ते लवकर फिरतं, आणि त्याला बाबाच जबाबदार आहेत. तरुणपणी ते पिंपरीच्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. त्या वेळच्या पत्रकांची ट्रंक त्यांनी इथवर आणली, आणि घरात मराठी पुस्तकं नसल्यामुळे मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरून. 'आ' आईचा असतो हे मला उशिरा कळलं. माझा 'आ' आंदोलनाचा होता.

"हा जुगार आहे," मी म्हणाले. "गरिबाला आधी जिंकल्यासारखं वाटू द्यायचं आणि मग त्याचा खिसा कापायचा. मी जाऊ देणार नाही."

"दॅट्स लिटरली अ स्कॅम, बाबा," माझी धाकटी बहीण रेवा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

"सापळा आहे, मान्य," आई म्हणाली. "सापळ्यातलं भजं तेवढं खाऊन येऊ."

आईनं बंदोबस्त केला. बाबांचं क्रेडिट कार्ड तांदळाच्या डब्यात, तळाशी. खिशातली दोन्ही पेनं जप्त. आणि रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये तिनं हात पुढे केला.

"चष्मा."

"अगं, मग ताटात काय आहे ते कसं दिसणार?"

"मी सांगेन ना. तुम्ही फक्त चावायचं."

चष्मा पर्समध्ये गेला. मग आई माझ्याकडे वळली. "बाबांजवळून हलू नकोस. कार्ड दाखवायला तुझं आहेच. तुला कुणी गुंडाळू शकत नाही." मी माझा चष्मा नाकावर नीट बसवला आणि शत्रूच्या गोटात शिरले.

दारातच बो टाय लावलेल्या एका मुलीनं प्रत्येकाच्या हातात दहा प्लास्टिकच्या चकत्या दिल्या आणि एका चक्राकडे बोट दाखवलं. पैसे नाहीत, नुसती गंमत. बाबांनी चकत्या ठेवल्या, चक्र फिरलं, घंटा वाजली. क्लबच्या वर्गणीत सत्तर टक्के सूट! आमच्या पुढच्या कुटुंबालाही सत्तर टक्के लागली होती. मागच्यांनाही लागली.

"हरताच येत नाही, हा कसला जुगार?" मी त्या मुलीला विचारलं.

"याला फुकट जेवण म्हणतात," बाबा म्हणाले. "चल."

आत आईचे नियम सुरू झाले. आधी मासे, मग मटण, मग गोड. भात सगळ्यात शेवटी, कारण भात घरी मिळतो. बाबा आंधळेपणानं जेवत होते. "हे काय आहे?" "मासा." "गोड लागतोय." "मग पुडिंग असेल. गिळा."

खिडकीबाहेर पाण्यापलीकडे बांधकाम चालू असलेल्या खऱ्या कसिनोच्या क्रेन उभ्या होत्या. अलीकडच्या रस्त्यावर हेल्मेट घातलेली माणसं खांबाच्या हातभर सावलीत रांगेनं बसून कंपनीच्या बसची वाट पाहत होती. आमच्या टेबलावर चौदा प्रकारची मिठाई. माझ्या घशात घास अडकला. (तो मी गिळला, हे नमूद करते. कुनाफा होता.)

तेवढ्यात केदार आला. टाय लावलेला, हसरा, तिशीचा. "नमस्कार काका, मी पण आपलाच, साताऱ्याचा."

बाबांचा चेहरा उजळला. मी खुर्ची मध्ये सरकवली. "काकांशी नाही, माझ्याशी बोला."

आणि मग मी बोलले. दहा मिनिटं. बाहेरच्या माणसांबद्दल, खोट्या चक्राबद्दल, ज्यांनी बांधलं त्यांना आत पाऊल टाकता येत नाही याबद्दल. शेजारच्या टेबलांवरचे चमचे थांबले. आई अभिमानानं खेकडा फोडत होती.

केदारनं ब्रोशर मिटलं. "ताई, शंभर टक्के बरोबर. एक माणूस अख्खा व्हिला विकत घेतो आणि एक्कावन्न आठवडे कुलूप लावून ठेवतो. हे तुम्हाला पटतं?"

"मुळीच नाही."

"मग बावन्न कुटुंबांनी मिळून घेतला तर? कुणी मालक नाही, कुणी भाडेकरू नाही. प्रत्येकाला एक आठवडा. डायरेक्टरला तेवढाच, ड्रायव्हरला तेवढाच."

माझ्या अंगावर काटा आला. ट्रंकेतली सगळी पत्रकं डोळ्यांपुढून सरकली. हेच तर ते!

"सामुदायिक मालकी," मी पुटपुटले.

"काय सुंदर शब्द आहे, ताई," केदार म्हणाला आणि लिहून घेतला.

पुढचं सांगताना मला स्वतःची इतकी चीड येते की मी उभी राहून टाइप करते आहे. मी फॉर्म भरला. माझं कार्ड मशीनमध्ये घातलं, पाच हजार दिरहॅम आगाऊ. 'उरलेली रक्कम' या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं, वडिलांची ग्रॅच्युइटी, पुढील महिना. एवढ्यावर थांबले असते तर मी साधी मूर्ख ठरले असते. मी शेजारच्या दोन टेबलांकडे वळून हिंदीत कल्पना समजावून सांगितली, केदारपेक्षा कितीतरी चांगली. दोन्ही टेबलांनी फॉर्म मागवले. केदारनं टाळ्या वाजवल्या.

आता राहिली होती कुटुंबप्रमुखाची सही. मी आईच्या पर्समधून बाबांचा चष्मा काढला, स्वतःच्या हातानं त्यांच्या नाकावर चढवला आणि पेन पुढे केलं. "बाबा, सही करा. हे वेगळं आहे."

आईच्या हातातला खेकडा ताटात पडला.

बाबांनी फॉर्म वाचला. पाठपोट. खोके मोजतात तसा, ओळीवर बोट ठेवून. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आठवडा कुठला मिळणार, ते कोण ठरवणार?"

"कंपनी," केदार म्हणाला.

"दरवर्षी देखभालीचा खर्च?"

"तो... मेंबरचा."

"वाढवणार कोण?"

"कंपनी."

"आणि व्हिला कुणाच्या नावावर?"

केदार पाणी प्यायला.

"कामगार एकजूट," बाबा मला हळूच म्हणाले, "मालकानं छापून दिली की तिला काय म्हणतात? ट्रंकेत आहे बघ. तळाला."

सही झाली नाही. ग्रॅच्युइटी वाचली. पण माझे पाच हजार मशीननं खाल्ले होते. "गुणिले चोवीस," आई पुटपुटत होती, "एक लाख वीस हजार रुपये." केदार म्हणाला, आगाऊ रक्कम परत मिळत नाही. मी ओरडायला तोंड उघडलं.

"बस खाली," बाबा म्हणाले. "इथं आवाज चढवायचा नसतो." मग शांतपणे आईला विचारलं, "आपलं जेवण झालं का गं?"

आईला एका क्षणात कळलं. "छे. भात कुठं घेतलाय अजून?"

बाबा उठले आणि भात घेऊन आले. एकेक शीत वेचल्यासारखे खाऊ लागले. तीन वाजले. मॅनेजर आला, "सर, दुसरी बॅच खडी है बाहर."

"हाँ हाँ. बस, चावल बाकी है," बाबा म्हणाले. "कार्डपे अनलिमिटेड लिखा है ना? और इसका पाँच हजार वापस आएगा तब तक भूख भी रहेगी."

शेजारच्या दोन्ही टेबलांनी हे ऐकलं, आपापले फॉर्म पालथे घातले आणि तीही माणसं भात आणायला गेली. बाहेर चकत्या हातात घेतलेली कुटुंबं काचेला नाक लावून उभी होती. घोषणा नाही, फलक नाही. तीन टेबलं फक्त हळू जेवत होती. रेवानं मोबाइल खाली ठेवला. "बाबा, धिस इज सो कूल," ती म्हणाली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांदा वरण मागितलं.

पावणेपाचला मॅनेजरनं माझं कार्ड मागून घेतलं आणि पैसे परत केल्याची पावती ताटाशेजारी ठेवली. बाबांनी ती वाचली, पाठपोट. मग हात धुतले.

त्या रात्री तांदळाच्या डब्यातून बाबांचं कार्ड बाहेर आलं आणि माझं आत गेलं. फ्लॅट पुरा झाला आणि नाशिकच्या भिंतीत आईनं खिळे मारले, एकूण सतरा. ती आता भिंतीपेक्षा चाळणीसारखी दिसते.

मी अजून शारजातच आहे, आणि पत्रकं लिहिते. फसव्या योजनांविरुद्धचं माझं पत्रक लोकांना आवडतं. सुट्टीला आई-बाबा इथं आले की आम्ही मॉलमध्ये जातो. खरवडायची कार्डं घेतलेली मुलगी "हॅलो मॅडम" म्हणत पुढे येताना दिसली की बाबा माझ्या डावीकडे येतात, रेवा उजवीकडे, आणि आई न बोलता हात पुढे करते.

मी माझा चष्मा काढून तिच्या हातावर ठेवते.