मॉनिटरचा मोतीबिंदू

आईच्या पोटातूनच मॉनिटर होऊन आलेला माणूस या जगात एकच, आणि तो माझ्या वर्गात होता. आम्ही दहावी सोडून चाळीस वर्षं झाली, बहुतेकांची नातवंडं शाळेत जायला लागली, पण याच्या लेखी वर्ग अजून सुटलेलाच नाही. आमच्या माजी विद्यार्थी संघाची मुंबईकर मंडळी अधूनमधून रविवारी लाँचने समाजसेवेला येतात, तेव्हा हा मांडव्याच्या जेट्टीवर हजेरीची वही घेऊन उभा असतो. एकाची स्वतःची कंपनी आहे, पण 'नऊ नंबर' म्हटल्यावर त्यालाही 'हजर' म्हणावंच लागतं. मी सतरा नंबर. माझ्या नवऱ्याला तो 'सतरा नंबरचे मिस्टर' म्हणतो, आणि तेही आता ओ देतात. उशिरा येणाऱ्याला झाडं लावताना खड्डे खणायची शिक्षा असते. समाजसेवा हा शब्द मात्र त्याला खपत नाही. "सेवा कसली? गृहपाठ राहिलाय आपला," म्हणतो.

त्याचा सगळ्यात लाडका कार्यक्रम नेत्रशिबिराचा. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना पकडून आणायचा, आणि कुणी घाबरलं की शेजारी बसून "काही कळत नाही हो, आत गेलात की बाहेर आलात," असं इतक्या खात्रीने सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं याने दर वर्षी एक डोळा करून घेतलाय. प्रत्यक्षात याच्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी लांबवलंत तर नजर जायची भीती आहे. पण तपासणीला याचा नंबर आला की हा मांडववाल्याशी वाद घालायला पळालेला असे. कारण एकच, भीती. सुई बघून घाम फुटणारा हा गृहस्थ रक्तदान शिबिरातही कधी आडवा झालेला नाही. मी रागावले की म्हणे, "सतरा नंबर, बडबड बंद." मला त्याचा खरंच संताप येई. दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी एवढं राबणाऱ्याने स्वतःची अशी हेळसांड करावी?

मग थळचा किनारा साफ करायचा रविवार आला. ओहोटीची वेळ त्यानेच काढलेली, गोण्या, हातमोजे, लिंबूसरबत, सगळं चोख. आमची अर्धी गोणी होईतो याच्या दोन भरल्या. "शिका जरा," म्हणून तो आमच्याकडे वळतोय, तोच लांबून एक कोळीण आरडाओरडा करत धावत आली. हिला मागच्या वर्षी यानेच हाताला धरून शस्त्रक्रियेला नेलं होतं. तिने वाळूवर सुकत घातलेला जवळा, आमच्याकडची ती बारीक गुलाबी कोळंबी, याने कचरा समजून झाडून गोण्यांत भरला होता. किनाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसाने!

"आरं मेल्या, जवला हाय तो, कचरा न्हाय! दिसत न्हाय तं वास तरी घ्यायचास!"

तो गोणीत डोळे बारीक करून बघत राहिला. तिने त्याचा चेहरा निरखला आणि तिचा आवाज उतरला.

"माजे डोले बरे केलेस, आन् तुजे? मी आत गेले तवा तू बाहेर बसलावतास नं? आता तू आत जा. मी बाहेर बसतंय."

दुपारभर आम्ही सगळे तिच्या दारात जवळ्यातून वाळू, सिगारेटची थोटकं नि बाटल्यांची बुचं वेचत बसलो.

त्याच आठवड्यात तो दवाखान्यात गेला. ती खरोखरच येऊन बाहेर बसली. आत न्यायच्या आधी त्याने माझा हात घट्ट धरला.

"दुखतं का गं?"

"मला काय विचारतोस? तूच सांगायचास ना सगळ्यांना?"

"खोटं सांगायचो गं."

दुसऱ्या दिवशी एका डोळ्याची पट्टी निघाली. आम्ही पाच-सहाजण ओळीने उभे होतो. त्याने एकेकाचा चेहरा सावकाश पाहिला. माझ्याकडे तर फारच वेळ. मग अगदी हळू म्हणाला, "तुम्ही सगळे एवढे म्हातारे कधी झालात रे?"

आम्ही खो खो हसलो. तो हसला नाही. इतकी वर्षं त्याच्या धूसर नजरेत आम्ही दहावीतच होतो, आणि खरं सांगते, त्याचा डोळा वाचल्याच्या आनंदातही मला त्या दहावीतून निघावंसं वाटेना.