झेंडूच्या फुलांनी विचारलेला प्रश्न

नवसाबाईला अक्षरं डोळ्यांपेक्षा हातांनी जास्त माहीत होती. एकलहऱ्याच्या अलीकडे गोदाकाठच्या एका गावात तिचा वीस गुंठे झेंडू. फुलं पंचवटीच्या बाजारात जायची, आणि लग्नसराईत ती कमानींवर फुलांची अक्षरं बांधून द्यायची. शाळा चौथीपर्यंतच, पण 'शु'ला किती फुलं लागतात ते ती डोळे मिटून सांगे. त्यात स्वभाव चौकस. नवरा-नवरीची नावं बांधता बांधता विचारायची, "पोरगी काय शिकली? नोकरी सोडायला तर लावणार नाय ना?"

जानेवारीत रावजी तिच्याकडे आला. सरपंच त्याची बायको मोहिनी, पण तीन वर्षं खुर्ची तिची आणि बोलणं रावजीचं, असंच चाललं होतं.

"सव्वीस तारखेच्या ग्रामसभेला 'आदर्श गाव' अशी अक्षरं पाहिजेत, नवसाबाई."

"आदर्श कशापायी, भाऊ?"

"चांगला ठराव आणतोय. पंचायतीच्या फळ्यावर लावलाय, बघ जाऊन."

ती गेली. बारीक टाइप, लांबलचक वाक्यं. दुसऱ्या ओळीतच अडकली. तेवढ्यात पुतणी हर्षाली कॉलेजच्या बसमधून उतरली. नवसाबाईनं तिला हाक मारली. हर्षाली वाचू लागली तशी तिच्या आवाजाची पट्टी खाली येत गेली. दहावीनंतर मुलींनी घरच्या माणसाशिवाय गावाबाहेर शिकायला जाऊ नये. लग्न न झालेल्या मुलींनी मोबाईल बाळगू नये. मुलीनं मर्जीनं लग्न केलं तर त्या घराशी गावानं व्यवहार तोडावा. शेवटी लिहिलं होतं, महिला ग्रामसभेची एकमतानं मंजुरी.

"बायांची सभा? ती कधी झाली?"

"खाली सह्या आहेत, मोठीआई. तुझीपण आहे."

तिचाच 'न' होता, गाठ मारल्यासारखा. सही केल्याचं तिला आठवत होतं. संक्रांतीला पंचायतीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं, तेव्हा स्टीलची वाटी वाण म्हणून घेताना केलेली. पण कागदावर वरती काय लिहिलं होतं? रागाआधी तिला याचंच कुतूहल वाटलं. दोन दिवस ती घरोघर हेच विचारत फिरली.

"वाण मिळाल्याची सही म्हणले," शेजारची सिंधुबाई म्हणाली. "वर कोण बघतंय?"

त्रेसष्ट सह्या होत्या. वर पाहिलेली एकही बाई सापडली नाही.

नवसाबाईच्या अंगणात बायका जमल्या. कुणी अर्ज द्या म्हणालं, कुणाला मोर्चा हवा होता.

"त्यांनी अक्षरं मागितली हायेत," नवसाबाई म्हणाली. "अक्षरंच देऊ. पण आपली."

पंचवीस तारखेला दुपारभर बांबूच्या कामट्या वाकवल्या गेल्या. ज्यांच्या शेतात झेंडू होता त्यांनी पाट्या भरून आणला. सिंधुबाईचा 'झा' एका अंगाला कलंडला, तो नवसाबाईनं दोनदा सोडायला लावला. प्रश्नचिन्ह मात्र तिलाही येईना. लग्नाच्या कमानीवर ते कधी लागलंच नव्हतं. हर्षालीनं मातीत बोटानं काढून दाखवलं, तेव्हा नवसाबाईनं त्याच्यावरून आपलं बोट फिरवून पाहिलं. "असं वाकडं असतंय व्हय!"

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं, लोक मांडवात बसले, आणि आठ बाया एकेक अक्षर घेऊन समोर उभ्या राहिल्या. आधी 'ली' आणि 'झा'ची अदलाबदल झाली, लोक हसले. मग अक्षरं जागेवर आली आणि हसू थांबलं.

ही सभा कधी झाली?

टोकाला प्रश्नचिन्ह धरून नवसाबाई. पाकळ्या गळत होत्या.

"ही काय नाटकं?" रावजी उठला. "आदर्श गाव कुठंय?"

"ते मागून करू. आधी हे वाचा, भाऊ."

तेव्हा खुर्चीतून उठून मोहिनी बोलली. "ग्रामसेवक, वहीतली महिला सभेची तारीख वाचा."

"चौदा जानेवारी."

"त्या दिवशी हळदीकुंकू होतं. मीच सगळ्यांना कुंकू लावलं. सभा काही झाली नाही."

"मोहिनी, खाली बस," रावजी दबक्या आवाजात म्हणाला.

ती बसली नाही. "हा ठराव आज घेता येणार नाही. आधी बायकांची खरी सभा होईल."

ती फेब्रुवारीत झाली. सत्तेचाळीस जणी आल्या आणि दोन तास भांडल्या. मोबाईल काढून घ्यावेत असं खुद्द सिंधुबाईलाच वाटत होतं, तिनं तसं ठणकावून सांगितलंही. ते कलम थोडक्या मतांनी पडलं. शिक्षण आणि बहिष्काराच्या कलमांना एकही हात वर झाला नाही. रावजीनं पुतण्याच्या लग्नाच्या कमानीचं काम दुसरीकडे दिलं. नवसाबाईला ते लागलं.

सभा उठता उठता कधी तोंड न उघडणारी लताबाई म्हणाली, "माहेरच्या जमिनीवर हक्क सोडल्याची सही भावानं माझ्याकडून अशीच घेतली होती. ती मागे घेता येती का?"



"विचारायचं कुणाला?" नवसाबाई हर्षालीकडे वळली.

हर्षालीनं कॉलेजातून एका वकीलबाईंचा पत्ता आणला. सोमवारी फुलांच्या पाट्या बाजारात उतरवून नवसाबाई आणि लताबाई तो पत्ता विचारत कोर्टाच्या दिशेनं निघाल्या.