राखलेला उजवा गाल

कुठलीही वस्तू हातात आली की शेजारच्या ताई ती आधी उजेडाकडे धरायच्या. टोमॅटो असो, स्टीलचा डबा असो, नाहीतर माझा चष्मा. चारी बाजूंनी फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, “चालंल. पास.”

कारेगावात आमच्या दोन खोल्यांमध्ये भिंत एकच. त्या कंपनीत सुटे भाग तपासायच्या, मी शाळेत शिकवायचे. कामाची सवय घरी घेऊन येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण स्वतःच्या चेहऱ्याचीच तपासणी लावणारं माणूस मी ते एकच पाहिलं.

त्यांच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळपट डाग होते. फोटो काढायची वेळ आली की त्या पदर आडवा घ्यायच्या, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यामागे जायच्या. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मला म्हणाल्या, “बाई, हिच्या लग्नाच्या फोटोत तरी मला समोर बघायचंय.”

शिरूरच्या डॉक्टरांनी सनस्क्रीन आणि नायसिनामाइडचं सीरम दिलं. तीन महिने धीर धरा, म्हणाले. बाटलीवरचं इंग्रजी मी वाचून दाखवलं. त्यांनी डाव्या गालावर दोन थेंब लावले आणि झाकण बंद केलं.

“आणि उजवीकडे?”

“तो मास्टर हाय.”

कंपनीत म्हणे एक नमुना राखून ठेवतात आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघतात.

“अहो ताई, हा गाल आहे.”

“मग? दोन्हीकडं लावलं तर थेंबानं उजळलं का ऊन सरलं म्हणून, ते कसं कळायचं?”

बी.एड. माझं, आणि प्रयोग त्या शिकवत होत्या.

दर रविवारी त्याच ट्यूबलाइटखाली, त्याच स्टुलावर त्या ताठ बसायच्या. मी माझ्या मोबाइलवर फोटो काढायचा आणि निकाल सांगायचा. “खरं सांगा. उगं मन राखू नका.” दुसऱ्या महिन्यात मी त्यांचं मन राखायला म्हटलं, थोडं कमी वाटतंय. त्यांनी माझा चष्मा काढला, पदरानं पुसला, परत नाकावर ठेवला.

“आता बघा.”

“नाही. फरक नाही.”

“मग असं बोला की.”

लग्नाआधी डावा गाल खरंच उजळला. लेक चिडली, “आई, आता तरी दुसरीकडं लाव.”

“मधीच सेटिंग हलवलं तर रिपोर्ट खोटा.”

मग लग्नात त्या सगळ्या फोटोंत डावा गाल पुढे करून उभ्या राहिल्या. ‘मावशी, समोर बघा,’ म्हणून फोटोग्राफर थकला. घरी आल्यावर मला म्हणाल्या, “डावा पास. उद्यापासून उजवा. नातवाच्या बारशाला बघते समोर.”

उजव्या गालाचा एक महिना झाला आणि त्यांना डेंग्यू झाला. आठ दिवसांत त्या गेल्या.

भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून लेक माझ्याकडे आली. लग्नाच्या अल्बममध्ये समोरचा एकही नव्हता. मी मोबाइल तिच्या हातात दिला. त्यात ओळीनं सगळे रविवार होते. एकाही फोटोत पदर आडवा नव्हता. निकालाची वाट बघत त्या थेट समोर बघत होत्या.

फोटोवाला म्हणाला, दोन्ही गाल कॉम्प्युटरवर सारखे करून देतो.

“नको,” लेक म्हणाली. “तो उजवा आईनं राखलेला हाय.”

अजूनही रविवारी मी त्यांच्या खोलीत जाऊन फोटोसमोर उभी राहते. आधी चष्मा पुसते.