खालचा खण

गारखेड्याला दादाच्या नव्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं आणि पॉलिशचा वास आला. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, छावणीतल्या लिलावात घेतलेलं ओकचं खणांचं कपाट त्यानं नवं करून घेतलं होतं.

वरचे दोन खण दादाचे, मधला अण्णांचा, सगळ्यात खालचा माझा. पावसाळ्यात तो फुगून बसायचा. सातवीत पंधरा ऑगस्टला मला झेंडागीत म्हणायला पुढं उभं राहायचं होतं आणि पांढरा गणवेश त्या खणात अडकला. पाय लावून ओढलं, बोटं सोलली. त्याच आठवड्यात सुतार येऊन दादाचे दोन्ही खण तासून गेला होता. खालचा पण करू का, असं त्यानं विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे. तिला कुठं जन्मभर इथं ऱ्हायचंय?"

रंगीत फ्रॉक घालून मी शेवटच्या रांगेत उभी राहिले.

"आता ओढून बघ तुझा खण," दादा म्हणाला. खण एका बोटानं सरकला.

"काय केलं ह्याला?"

मुठी बसवत असलेला सुतार म्हणाला, "काय नाय ताई, थोडा रंधा मारला. पाच मिनिटाचं काम."

पाच मिनिटं! भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोकडं बघत मी तो खण असा आदळला, की दादाचे दोन्ही हादरले.